लाकडी पायाची शाळा

मॅनहॅटनमधल्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूने एका बागेचे सरळ दोन तुकडे केलेत. त्यातल्या पश्चिमेकडच्या तुकड्यात पीटर स्टायव्हसंट उभा आहे, ब्राँझचा, एका पायाच्या जागी लाकडी खुंट घेऊन. चौतीस वर्षं मी तंत्रशाळेत सुतारकाम आणि ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे मला खुंट आधी दिसला आणि माणूस नंतर. खऱ्या पायाला कुठलं लाकूड वापरलं असेल, लेथवर उतरवला असेल की नुसत्या रंध्याने गोल केला असेल, टोक झिजलं की नवा बसवायला सुताराकडे किती महिन्यांनी जावं लागत असेल, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. भाची मागून म्हणाली, "मामा, शाळा बघायला जायचंय आपल्याला परवा. हा काय बघत बसलास?"

"शाळेला नाव कोणाचं आहे? मग आधी त्याला भेटायला नको?"

ऑक्टोबर 2019 ची गोष्ट. भाचीचा मुलगा तेव्हा आठवीत होता आणि क्वीन्समधल्या त्यांच्या घरात दोन वर्षं एकाच शाळेचं नाव चालू होतं, स्टायव्हसंट हायस्कूल. लाडाने सगळे तिला नुसतं 'स्टाय' म्हणतात. संध्याकाळी साडेसहा ते आठ मुलगा सराव परीक्षेचे पेपर सोडवायचा. तेवढ्या वेळात घरात फक्त कुकरला शिट्टी वाजवायची परवानगी होती. मला वाटलं, एवढं नाव म्हणजे फीपण तशीच तगडी असणार. तर फी शून्य. शहराची सरकारी शाळा, आपल्या पालिकेच्या शाळेसारखी. फक्त आत जायला एक परीक्षा, आणि त्या परीक्षेशिवाय दुसरं काहीही नाही. वर्षभराचे मार्क, शिक्षकांची शिफारस, मुलाखत, कशालाही किंमत नाही.

तर हा स्टायव्हसंट. न्यू नेदरलंड या डच वसाहतीचा शेवटचा कारभारी. 1644 मध्ये कॅरिबियनमधल्या एका बेटावर स्पॅनिश लोकांशी लढताना त्याचा उजवा पाय गेला. तीन वर्षांनी तो न्यू अ‍ॅमस्टरडॅमला आला. 1664 मध्ये इंग्रजांची जहाजं बंदरात येऊन उभी राहिली तेव्हा त्याला न लढता गाव त्यांच्या हवाली करावं लागलं आणि त्याचं न्यूयॉर्क झालं. माणूस हेकट. 1654 मध्ये ब्राझीलहून निघालेले तेवीस ज्यू निर्वासित या बंदरात उतरले, तेव्हा त्यांना राहू देऊ नये म्हणून याने वर कंपनीकडे लिहिलं. डच वेस्ट इंडिया कंपनीने उलट यालाच कळवलं की राहू द्या. पुढे अडीचशे वर्षांनी याच्या नावाची शाळा निघाली आणि काही वर्षांतच ती पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या मुलांनी भरून गेली. खेळाच्या मैदानावर ही मुलं स्वतःला 'पेगलेग्ज' म्हणवत, म्हणजे लाकडी पायवाले. म्हाताऱ्याचा पाय त्यांनी घेतला, मत नाही घेतलं.

बागेपासून चार पावलांवर, ईस्ट 15 व्या रस्त्यावर 345 नंबरची जुनी इमारत आहे. आता तिच्यात दुसऱ्या शाळा भरतात, पण मला जी बघायची होती ती हीच. भाचीला ते पटेना. तिच्या लेखी खरी शाळा नदीकाठी होती, दहा मजली.

सप्टेंबर 1904 मध्ये स्टायव्हसंट सुरू झाली ती 155 मुलं आणि 12 शिक्षकांवर, तीसुद्धा 23 व्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका शाळेच्या जुन्या इमारतीत. 1907 मध्ये ती इथे स्वतःच्या घरात आली. शहराच्या शाळांचा आर्किटेक्ट तेव्हा चार्ल्स स्नायडर होता. मॅनहॅटनच्या गच्च वस्तीत दोन्ही अंगांना इमारती चिकटलेल्या, मग वर्गात उजेड आणायचा कुठून? त्याने शाळा इंग्रजी एच अक्षरासारखी बांधायची युक्ती काढली. दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये मोकळे चौक राहतात आणि खिडक्या चौकाकडे उघडतात. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही शाळा कसली होती? हातकामाची. मुलग्यांसाठी, सुतारकाम, लोहारकाम, धातुकाम शिकवणारी. आज जिच्या नावाने जगभरचे आईबाप देव पाण्यात ठेवतात ती शाळा सुरू झाली करवत आणि ऐरणीवर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भाचीच्या सोफ्यावरून उठून उभाच राहिलो होतो.

यामागची गोष्ट मला बी.एड.च्या वेळी शिकवली होती, पण तेव्हा ती फक्त परीक्षेपुरती होती. 1876 मध्ये फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मॉस्कोच्या तंत्रशाळेने आपल्या विद्यार्थ्यांचं काम मांडलं. तयार वस्तू नव्हत्या, खुर्ची नाही, टेबल नाही. नुसते जोड. लाकडाचे आणि धातूचे जोड, सोप्याकडून अवघडाकडे, ओळीने. व्हिक्टर डेला-व्होस नावाच्या शिक्षकाने धंद्याची अशी फोड केली होती की उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं न घालवता ते वर्गात शिकवता यावं. अमेरिकन लोक ते बघून वेडे झाले. सेंट लुइसला कॅल्व्हिन वुडवर्डने तीनेक वर्षांत तसली शाळा काढली आणि मग गावोगाव निघाल्या. वुडवर्डचं म्हणणं असं की डोकं आणि हात एकाच शाळेत घाला, मुलगा पुढे वकील होवो नाहीतर सुतार.

मी निवृत्त होईपर्यंत तोच क्रम चालवत होतो. जूनमध्ये मुलगा आला की त्याच्या हातात एक ठोकळा द्यायचा आणि सांगायचं, चौरस कर. बस्. रंधा मारायचा, गुण्या लावायचा, खिडकीकडे धरून डोळा मिटायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची चीर दिसली की परत रंधा. मुलं रडकुंडीला यायची. दिवाळी जवळ आली की हाफ लॅप, मग मॉर्टिस-टेनन, आणि वर्षाच्या शेवटी ज्यांचा हात बसला असेल त्यांनाच डोव्हटेल. एक मुलगा मला आठवतो, गणितात चाळीसच्या पुढे कधी गेला नाही, पण त्याच्या गुण्याखालून उजेड येत नसे. त्या मुलाला काय म्हणायचं, हुशार की ढ, याचं उत्तर देता येईल असा रकाना आमच्या प्रगतिपुस्तकात नव्हता.

स्टायव्हसंटच्या त्या कार्यशाळांच्या काळातला एक विद्यार्थी म्हणजे लुइस ममफर्ड, 1912 मध्ये बाहेर पडलेला. पुढे शहरं आणि यंत्रं यांवर ज्याने जन्मभर लिहिलं तोच. यंत्राविषयी लिहिणाऱ्या बहुतेक विद्वानांनी कधी कानस हातात धरलेली नसते, हा धरून आला होता. त्याने ज्यांना गुरू मानलं ते पॅट्रिक गेडिस 1919 पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आपले गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. म्हणजे 15 व्या रस्त्यावरचा धागा ओढत गेलं तर मुंबईच्या फोर्टापर्यंत येतो. ममफर्डने आपल्या मुलाचं नावही गेडिस ठेवलं होतं.

मग हातकामाची शाळा परीक्षेची कशी झाली? मला वाटलं होतं, कोणीतरी मोठा शिक्षणतज्ज्ञ आला असेल, त्याने काही तत्त्व मांडलं असेल. तसं काही नाही. जागा पुरेना. गणित आणि विज्ञानात शाळेचं नाव झालं आणि मुलं उसळली. 1919 पासून शाळा दोन पाळ्यांत भरू लागली आणि ती तशी 1956 पर्यंत भरत राहिली. त्याच सुमारास मार्क बघून प्रवेश देणं सुरू झालं. तेही पुरेना, म्हणून 1934 मध्ये प्रवेश परीक्षा आली, ती बसवायला कोलंबिया विद्यापीठाची मदत घेतली. रांग लांब झाली म्हणून दाराला चाळण लावली, एवढंच. पण चाळण बसली की दहा-पंधरा वर्षांत लोक पीठ विसरतात आणि चाळणीचीच तारीफ करू लागतात.

तारीफ करण्यासारखं पीठही निघालं, ते नाकारून चालणार नाही. या शाळेच्या चार विद्यार्थ्यांना नोबेल मिळालं. त्यातले रोआल्ड हॉफमन लहानपणी युद्धात पोलंडमध्ये एका शाळेच्या माळ्यावर आईबरोबर लपून राहिलेले. 1949 मध्ये अमेरिकेला आले तेव्हा इंग्रजी नवीनच, आणि 1955 मध्ये स्टायव्हसंटमधून बाहेर पडले. फुकट शाळा, भाषा न येणारे आईबाप आणि एक पेपर. क्वीन्समध्ये आज जे चाललंय ते तेव्हाही तसंच चाललं होतं, फक्त आडनावं वेगळी.

तोवर हातकाम मात्र वेगळ्या शाळांमध्ये गेलं होतं. फ्रँक मॅककोर्ट हे लेखक आधी शिक्षक होते. स्टेटन आयलंडवरच्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत त्यांनी 1958 मध्ये नोकरी धरली, आणि 1972 पासून स्टायव्हसंटमध्ये इंग्रजी शिकवलं. एकाच माणसाने दोन्ही टोकं पाहिली. पहिल्या शाळेतली मुलं प्लंबर होणार होती, दुसरीतली डॉक्टर. वुडवर्डला ती एकाच बाकावर हवी होती.

आमच्या शाळेबद्दलही इथेच सांगून टाकतो. मी निवृत्त झालो आणि तिसऱ्या वर्षी कार्यशाळा बंद केली. सागवानी बाकं, प्रत्येकाला लोखंडी शेगडा बसवलेला, भंगारवाल्याने टेम्पोत भरून नेली. त्या जागी आता अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची. मुलं पहाटे पाचला येऊन जागा धरतात. मी एकदा आत डोकावलो. भिंतीवर जिथे करवती टांगायचो ते खिळे तसेच होते, त्यांना मोबाइलचे चार्जर लटकत होते.

परवाचा दिवस उजाडला. सेव्हन नंबरची गाडी, मग टाइम्स स्क्वेअरला बदलून चेंबर्स स्ट्रीट. नवी इमारत 1992 ची, बॅटरी पार्क सिटीत, म्हणजे हडसनमध्ये भराव घालून केलेल्या जमिनीवर. पत्ता 345 चेंबर्स स्ट्रीट. घर बदललं, नंबर तोच. महामार्गावरून एक पादचारी पूल थेट शाळेच्या दारात उतरतो. त्या पुलावर आईबापांची रांग लागली होती आणि तिथे मराठी सोडून सगळ्या भाषा ऐकू येत होत्या. माझ्यापुढे एक बांगलादेशी गृहस्थ होते, टॅक्सी चालवणारे. त्यांनी हिंदीत विचारलं, "आपका बच्चा कब से कोचिंग में है?" मी सांगितलं, सहावीपासून. त्यांनी अशा काही चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं की मला आमच्या गावचे चौथीच्या स्कॉलरशिपवाले पालक आठवले. त्यांची मुलगी चौथीपासून होती.

शाळा दाखवायला एक अकरावीतली मुलगी होती. मुलगी, हे मी मुद्दाम सांगतोय. 1969 पर्यंत इथे मुलींना परीक्षेलाही बसू देत नव्हते. अ‍ॅलिस द रिव्हेरा नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने शिक्षण मंडळावर दावा लावला, तेव्हा दार उघडलं. ती स्वतः मात्र इथे शिकली नाही, घरचे गाव सोडून गेले. पुढे ती डॉक्टर झाली.

आमची वाटाड्या चटपटीत होती. पोहण्याचा तलाव पहिल्या मजल्यावर आहे, पण नव्या मुलांना अकराव्या मजल्यावरच्या तलावाचे पास विकायची इथली जुनी थट्टा आहे, असं तिने सांगितलं. इमारत दहा मजलीच आहे. आणि पोहता आल्याशिवाय पदवी नाही हेही सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं. निदान एक गोष्ट अशी उरली होती जी कागदावर सोडवता येत नाही.

भिंतींत काचेचे ठोकळे बसवलेत, चारशे. 'नेमॉनिक्स' नावाची ती कलाकृती आहे. एकात नाईल नदीचं पाणी, एकात चीनच्या भिंतीचा तुकडा, असं जगभरचं काहीबाही बंद केलेलं. त्यांतले 88 रिकामे ठेवले होते, दर वर्षी बाहेर पडणाऱ्या तुकडीने एक भरायचा, 2080 पर्यंत. नातू एका रिकाम्या ठोकळ्यासमोर नाक टेकवून उभा राहिला. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली. भाची हळूच म्हणाली, "याचं वर्ष 2024 येईल." मी काही बोललो नाही. अजून परीक्षा व्हायची होती.

दक्षिणेकडे पाहिलं तर वर्ल्ड ट्रेड सेंटरची जागा अगदी जवळ, चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत. 11 सप्टेंबर 2001 ला इथून जवळजवळ तीन हजार मुलं नदीकाठच्या रस्त्याने उत्तरेकडे चालत गेली. इमारत बचावकार्यासाठी घेतली. 9 ऑक्टोबरला मुलं परत आली. मधले दिवस ती ब्रुकलिन टेक या दुसऱ्या शाळेत दुपारच्या पाळीत बसली. पाळ्यांचं या शाळेला नवल नव्हतं.

मग एका मजल्यावर मी मागे राहिलो. भिंतीवर ड्रॉइंगचे कागद लावले होते. टेक्निकल ड्रॉइंग. वाटाड्या म्हणाली, हो, हा विषय सगळ्यांना घ्यावाच लागतो. ऐरण गेली, करवत गेली, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या हातकामातून ही एक रेघ तेवढी टिकली. मी चष्मा पुसून जवळ गेलो. एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग होतं. पण प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं दृश्य, वर आणि एलेव्हेशन, म्हणजे समोरचं, खाली! क्षणभर हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग लक्षात आलं, हा थर्ड अँगल. अमेरिकेत असंच काढतात. मी माझ्या पोरांना फर्स्ट अँगल शिकवला, त्यात प्लॅन खाली येतो. वस्तू तीच, माप तेच, फक्त कागद वस्तूच्या मागे धरलाय की पुढे, ते बदलतं.

"आजोबा, चला ना," नातू ओढायला आला.

खाली उतरताना मी त्या मुलीला विचारलं, मार्चमध्ये पेपरात आलं होतं ते खरं का? तिने मान डोलावली. त्या वर्षी स्टायव्हसंटने 895 मुलांना जागा देऊ केल्या, त्यात कृष्णवर्णीय 7. शहराच्या सरकारी शाळांतली सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो आहेत. निवडलेल्यांत निम्म्याहून जास्त आशियाई, म्हणजे आमच्यासारखे. महापौरांनी परीक्षाच रद्द करायचं म्हटलं होतं, पण 1971 पासून राज्याचा कायदा आहे की स्टायव्हसंट, ब्रुकलिन टेक अशा शाळांचा प्रवेश या एकाच परीक्षेवर. ती मुलगी म्हणाली, तिच्या वर्गात यावर रोज भांडणं होतात. भाची लगेच म्हणाली, पेपर सगळ्यांना एकच असतो. खरं आहे, एकच असतो. पण गुण्याखालून उजेड येऊ न देणारा माझा तो मुलगा या पुलावरच्या रांगेत कुठे उभा राहिला असता, हे मला सांगता येईना. त्याच्या बापाला चौथीपासूनची कोचिंग ठाऊकच नसती.

परीक्षा झाली. तीन तास, 114 प्रश्न, निम्मे इंग्रजीचे, निम्मे गणिताचे. निकाल मार्चमध्ये आला. स्टायव्हसंट हुकली, ब्रुकलिन टेक मिळाली. भाची फोनवर रडली. मी तिला म्हटलं, अगं, 1922 ची तंत्रशाळा आहे ती, ओतशाळा होती त्यांची स्वतःची! तिला ते सांत्वन वाटलं नसावं. त्याच सुमारास सगळं शहरच बंद झालं आणि कुठली शाळा मिळाली याला काही महिने अर्थ उरला नाही.

सप्टेंबरमध्ये नातवाचं नववीचं वर्ष जेवणाच्या टेबलावर सुरू झालं, लॅपटॉपसमोर. ब्रुकलिन टेकमध्ये सुरुवातीलाच ड्राफ्टिंगचा विषय असतो. एका रात्री साडेअकराला माझ्या फोनवर फोटो आला. चौकटीच्या कागदावर एक ठोकळा, आरपार भोक पाडलेला. तीन दृश्यं. रेघांची जाडी बरी होती, मापं सुवाच्य होती, कोपऱ्यात आमटीचा डाग होता. खाली लिहिलं होतं, "आजोबा, ठीक आहे का?"

मी दिवा लावला, चष्मा शोधला, फोटो मोठा केला. बाजूच्या दृश्यात भोकाची तुटक रेघ काढायची राहिली होती. समोरून भोक दिसतं, बाजूने दिसत नाही, म्हणून तुटक रेघेने दाखवायचं असतं. मी तसं कळवलं. दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. रेघ काढली होती, पण सलग.

"तुटक," मी लिहिलं. "परत काढ."